सुशी म्हणजे फक्त कच्चा मासा? हॉटेलात जाण्याआधी हे वाचा

शहादा तालुक्यातले पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे गाव. इथे सुशी पोहोचली आहे ती मोबाइलच्या पडद्यावरून. काळ्या पट्टीत गुंडाळलेला भात, त्यावर केशरी मासा, शेजारी हिरवा गोळा आणि तो चाखून डोळ्यांत पाणी आलेला कोणी रीलवाला. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुणे, मुंबई, सुरत गाठलेली इथली मुले मित्रांच्या वाढदिवसाला अशा जपानी हॉटेलात जातात, फोटो टाकतात आणि घरून फोन येतो. कच्चा मासा खाल्लास का? आणि आपल्याला चालतं का ते?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मात्र रीलमध्ये सहसा मिळत नाहीत.

आधी भात, मग मासा

सुशी हे माशाचे नाव नाही. तांदळाचा व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला चिकट भात, आणि त्याच्यासोबत काहीही, म्हणजे सुशी. सोबतचा पदार्थ कच्चा मासा असेल, शिजवलेली कोळंबी असेल, गोडसर ऑम्लेट असेल किंवा नुसती काकडी. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप येतात त्यांना साशिमी म्हणतात. मेनूवर हे दोन शब्द शेजारी शेजारी असतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्याची गफलत इथेच होते.

भाताच्या लांबट मुटक्यावर माशाचा काप ठेवला की निगिरी. समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात, म्हणजे नोरीत, भात गुंडाळून सुरीने तुकडे केले की माकी. भात बाहेर आणि नोरी आत असा उलटा रोल अमेरिकेच्या वळणाचा. तिथल्या ग्राहकांना काळा पापुद्रा नकोसा वाटे म्हणून तो आत दडवला, असे सांगतात. अॅव्होकाडो आणि खेकड्याचा 'कॅलिफोर्निया रोल' नेमका कोणी शोधला यावर लॉस एंजेलिस आणि व्हँकुव्हरच्या शेफ मंडळींचे दावे-प्रतिदावे आहेत. चीज, मेयोनेज, शेझवान सॉस घातलेले आपल्याकडचे रोल याच शाखेची पुढची फांदी. त्यांना 'खरी सुशी नाही' म्हणून नाके मुरडणारे भेटतील. पण स्वतः निगिरीही फार जुनी नाही. एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, १८२० च्या दशकात हानाया योहेई याने ती लोकप्रिय केली असे मानतात. तेव्हा ती घाईत असलेल्यांसाठी ठेल्यावर विकली जाई, आपल्या वडापावसारखी. फिरत्या पट्ट्यावरची सुशी तर १९५८ ची. ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी याने ती सुरू केली.

महाराष्ट्रात सुशीला पंचतारांकित दरवाजा मिळाला तो २००४ मध्ये, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 'वासाबी बाय मोरिमोतो' सुरू झाले तेव्हा. टीव्हीवरच्या 'आयर्न शेफ'मुळे गाजलेले मासाहारू मोरिमोतो यांचे हे रेस्टॉरंट. जाता जाता एक योगायोग. हे हॉटेल १९०३ मध्ये उघडणाऱ्या जमशेटजी टाटांनीच त्याआधी दहा वर्षे, १८९३ मध्ये, निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू करवली होती. त्या जहाजांतून जपानच्या गिरण्यांकडे हिंदुस्थानी कापूस जायचा. नंतरच्या काळात सुशी पंचतारांकित हॉटेलांतून वांद्र्याच्या छोट्या जपानी रेस्टॉरंटांत, मग मॉलमध्ये आणि घरपोच जेवणाच्या अॅपवर उतरली.

कच्चा मासा सुरक्षित कशामुळे?

'ताजा मासा असेल तर कच्चा खाल्ला तरी चालतो' हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत धोक्याचा गैरसमज. माशातल्या परजीवी अळ्यांना ताजेपणाशी काही देणेघेणे नसते. आत्ता पाण्यातून काढलेल्या माशातही त्या जिवंत असतात. त्या मरतात शिजवल्याने किंवा कडक गोठवल्याने. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या निकषानुसार कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावा लागतो. ट्यूनाच्या काही जाती आणि तयार खाद्यावर वाढवलेले मासे यांना त्यात सूट आहे. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा इतका थंड राहत नाही, शिवाय दिवसभरात तो दहा वेळा उघडतो.

म्हणजे चांगल्या हॉटेलातला कच्चा मासा बहुतेकदा आधी गोठवलेला असतो आणि तेच त्याचे संरक्षण आहे. 'आम्ही गोठवलेला वापरत नाही, एकदम फ्रेश' असे वेटरने अभिमानाने सांगितले तर खूश होण्याऐवजी मासा कोणता आणि कुठला हे विचारावे. अर्थात गोठवण्याने परजीवी मरतात, सगळे जिवाणू नाहीत. त्यासाठी शीतसाखळी अखंड लागते आणि स्वयंपाकघर स्वच्छ लागते. 'सुशी ग्रेड' हा शिक्का मात्र विक्रेत्यांचा आहे. अमेरिकेतही त्याला कायदेशीर व्याख्या नाही.

सुशीचा चेहरा बनलेला केशरी सामन जपानमध्ये पूर्वी कच्चा खाल्लाच जात नसे. प्रशांत महासागरातल्या सामनमध्ये अनिसाकिस नावाची अळी आढळते, म्हणून जपानी लोक तो भाजून किंवा खारवून खात. १९८० च्या दशकाच्या मध्यात नॉर्वेकडे शेतीत वाढवलेला सामन भरपूर होता आणि गिऱ्हाईक हवे होते. तयार खाद्यावर वाढल्यामुळे त्यात अळीचा धोका नगण्य. नॉर्वेने जपानमध्ये मोहीम काढली आणि जपानी माणसाला सामन कच्चा खायला लावायला जवळपास दशकभर घेतले. आज जगाला जे अस्सल जपानी वाटते ते अर्धे नॉर्वेचे मार्केटिंग आहे.

सामन आपल्या समुद्रात होत नाही. आपल्या रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात, पण दोघांचे नाते फक्त नावापुरते. मेनूवर सामन लिहिले असेल तर तो आयात केलेला, आणि म्हणून महाग.

तापीच्या माशाची सुशी? नकोच

खान्देशात याला आणखी एक बाजू आहे. प्रकाशा, सारंगखेड्याच्या बॅरेजचे पाणी, उकाई धरणाचा फुगवटा, तिकडे नर्मदाकाठ, असा नंदुरबार जिल्ह्याचा मासा गोड्या पाण्याचा. रोहू, कटला, चिलापी. रील पाहून यातला मासा घरी आणून कच्चाच भातावर ठेवावा असे कोणाच्या मनात आले तर ते तिथेच थांबवलेले बरे. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमींचा आजार होऊ शकतो. ईशान्य थायलंडमध्ये कच्चा नदीमासा खाण्याच्या सवयीमुळे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या पसरला आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. लिंबू पिळून, व्हिनेगर लावून किंवा मसाला चोळून या कृमी मरत नाहीत.

गंमत म्हणजे सुशीचा उगम नदी-तळ्याच्या माशातूनच झाला असे मानतात. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशात मासा मिठात मुरवून, भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवत. भात आंबे, मासा टिके आणि भात फेकून दिला जाई. जपानच्या बिवा तळ्याकाठी या जुन्या रीतीची 'फुनाझुशी' आजही करतात. पण तो मासा महिनोन्‌महिने मिठात आणि मग भातात मुरलेला असतो. बाजारातून आणला आणि कापून ठेवला, असा नव्हे.

घरी करून पाहायची हौस असेल तर काकडी, गाजर, पनीर किंवा नीट शिजवलेला मासा घ्यावा. भाताला जपानी तांदूळ नसेल तर इंद्रायणी चालून जातो. तो चिकट होतो, फक्त त्याचा वास आपल्या आंबेमोहोराच्या घराण्याचा आहे हे लपत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हॉटेलातलीही कच्च्या माशाची सुशी टाळावी.

'व्हेज' लिहिलेले खरेच व्हेज असते का?

घरच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे अवघड आहे. काकडीचा 'कप्पा माकी' हा जपानमध्येही रोजचा, अगदी साधा रोल. 'कानप्यो' रोलमध्ये तर चक्क दुधी भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्या असतात, सोया सॉस आणि साखरेत शिजवलेल्या. दुधी पाहून पान सरकवणाऱ्या मुलांना हे सांगायला हरकत नाही.

अडचण दिसणाऱ्या माशाची नाही, न दिसणाऱ्याची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हा रस्सा. तो बहुधा कोंबू शेवाळ आणि धुरावून वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कापांपासून बनतो. मिसो सूपमध्ये फक्त टोफूचे तुकडे तरंगताना दिसतात, पण खालचे पाणी माशाचे असू शकते. ऑम्लेटमध्ये दाशी असते. टोफूच्या पिशवीत भात भरलेली 'इनारी' दिसायला शाकाहारी, पण ती पिशवी बहुधा दाशीतच शिजवतात, आणि कानप्योच्या पट्ट्यांनाही कुठे कुठे दाशी लागते. टेम्पुराच्या पिठात अंडे असू शकते आणि कढईतले तेल कोळंबीचेही असू शकते. रोलवर शिंपडलेले केशरी मणी ही माशाची अंडी असतात. शिवाय भातात किंवा सॉसमध्ये मिरिन किंवा साके, म्हणजे तांदळाची दारू, पडलेली असू शकते. माळ घातलेल्या वारकऱ्याला किंवा जैन ग्राहकाला हे आधी कळायला हवे.

भारतात अनेक हॉटेले शाकाहारी ग्राहक ओळखून वेगळी दाशी आणि बिनअंड्याचे मेयोनेज वापरतात. पण 'व्हेज आहे ना?' असे विचारले की उत्तर 'हो' येते. त्यापेक्षा 'सूपमध्ये, सॉसमध्ये फिश स्टॉक आहे का? तळण वेगळ्या तेलात का?' असे विचारले तर वेटर आत जाऊन विचारून येतो. असे विचारण्यात गावंढळ काही नाही. शेफला असे प्रश्न रोजचे असतात.

उलट फसवणूक मासे खाणाऱ्यांचीही होते. 'क्रॅब' म्हणून येणारी लाल-पांढरी कांडी बहुतेकदा खेकड्याची नसते. ती सुरिमी, म्हणजे राणी माशासारख्या माशाच्या धुतलेल्या गराची. आणि ती परदेशीच असेल असेही नाही. रत्नागिरीची गद्रे मरीन ही कंपनी सुरिमी बनवते आणि जगभर पाठवते. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे ग्लुटेन न चालणाऱ्यांनी तेही लक्षात ठेवावे.

हिरवा गोळा आणि नंदुरबारची मिरची

नंदुरबारच्या मिरची बाजाराजवळून नाक दाबून गेलेल्या माणसाला वासाबीची काय भीती, असे वाटते. पण तिखटाचे हे दोन वेगळे प्रकार आहेत. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवर बसते आणि रेंगाळते. वासाबीतला तिखट घटक मोहरीच्या जातीचा, उडणारा. तो थेट नाकात जातो आणि थोड्याच वेळात ओसरतो. ताज्या मोहरीची फेसलेली चटणी खाल्लेल्यांना ही जात ओळखीची वाटेल. तसे पाहिले तर बहुतेक हॉटेलांतला गोळा वासाबीचा नसतोच. हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग. खऱ्या वासाबीचे मूळ महाग, आणि किसल्यावर त्याचा स्वाद १५-२० मिनिटांत उतरतो.

मटाराएवढा वासाबी घेतला तरी पुष्कळ. गुलाबी आल्याचे लोणचे हे दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असते, रोलवर ठेवून खायला नाही. निगिरी हाताने खाल्ली तरी जपानमध्ये कोणी नावे ठेवत नाही. ती उलटी करून माशाची बाजू सोया सॉसमध्ये बुडवायची, भाताची नाही. नाहीतर भात फुटतो आणि सगळे खारट होते. चॉपस्टिक भातात उभ्या मात्र रोवू नयेत. जपानमध्ये तसा भात मृतासमोर ठेवतात. आपल्याकडे पिंडाच्या भाताची आठवण यावी, तसेच ते. बाकी नियमांची फार चिंता करू नये.

बिल आणि पार्सल

शेवभाजी-भाकरीवर पोट भरणाऱ्याला सुशीचा पहिला धक्का चवीचा नाही, आकाराचा बसतो. निगिरीच्या प्लेटमध्ये बहुधा २ नग, रोलचे ६ किंवा ८ तुकडे. चौघे जण एकेक प्लेट मागवून पोट भरत नाहीत आणि बिल मात्र फुगते. मागवण्याआधी नग विचारावेत. 'ओमाकासे' लिहिले असेल तर पदार्थ शेफ ठरवणार, आणि किमतीचा आकडा मोठा असतो.

साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के लागतो, महागड्या हॉटेलांच्या आवारात १८ टक्के. त्याच्या खाली 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे कायम ठेवली. तो काढायला सांगता येतो. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

राहिलेले रोल बांधून रात्रीच्या गाडीने नंदुरबारला न्यावेत, घरच्यांना चव दाखवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. कच्च्या माशाचा रोल दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. फ्रीजमध्ये ठेवला तर भात दगडासारखा होतो आणि नोरी चामड्यासारखी. काकडीचा रोल एखाद्या वेळी तग धरेल, तोही सकाळी पुरुषोत्तमनगरला पोहोचेपर्यंत खाण्यासारखा उरणार नाही. नोरीचे पाकीट मात्र बंद असेल तर महिनोन्‌महिने टिकते.