इंटर सायन्सचा उंबरठा

दलितांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळाप्रवेशाचे लढे पाहतो, नाहीतर पदव्या मोजतो. मॅट्रिक आणि पदवी यांच्यामधल्या वर्षांकडे फारसे कोणी पाहत नाही. इंटर सायन्स, प्री-डिग्री, पी.यू.सी. आणि 10+2+3 आल्यावर अकरावी-बारावी. नावे बदलत गेली. परंतु डॉक्टर कोण, इंजिनिअर कोण आणि कारकून कोण, याचा निवाडा याच वर्षांत पदार्थविज्ञान, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांनी केला.

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित. तरीही 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले, की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे साधणार नाही. त्यांना उच्च विज्ञान-तंत्रशिक्षण हवे. ते खर्चाच्या पलीकडचे म्हणूनच आमची मुले कलाशाखेकडे वळतात, हेही त्यांनी स्पष्ट मांडले. त्यासाठी देशात शिकणाऱ्यांकरिता वर्षाला 2 लाख आणि परदेशी शिक्षणाकरिता 1 लाख रुपये मागितले. 1944 मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 'आमच्या मुलांना विज्ञानाची आवडच नाही' असे आजही म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी हे निवेदन एकदा वाचावे.

खर्चाचा अर्थ मी रसायनाचा शिक्षक म्हणून सांगू शकतो. कलाशाखेचा विद्यार्थी सकाळी तास करून दुपारी कामावर जाऊ शके. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची दुपार प्रॅक्टिकल खाई. शिवाय जर्नल, डिसेक्शन बॉक्स, फुटलेल्या ब्युरेटची भरपाई. जर्नलवर सही नाही तर परीक्षा नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता सत्र उलटल्यावर हाती पडे. तोवर मुलगा शाखा बदलून मोकळा झालेला असे. बुद्धीचा प्रश्न इथे येतोच कुठे?

भाषेचा अडसर आणखी वेगळा. शाळेत प्राणवायू, उज्जवायू, गंधकाम्ल शिकलेला मुलगा एका उन्हाळ्यानंतर ऑक्सिजन, हायड्रोजन, सल्फ्युरिक अॅसिडपुढे उभा राही. पदार्थ तेच, पण ओळख पुसलेली. ज्याच्या घरात इंग्रजी होती त्याला हे जाणवलेही नाही. मी पहिले सहा महिने व्याख्यान ऐकत नव्हतो, नुसते शब्द उतरवून घेत होतो.

म्हणूनच 1946 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान या दोन्हींचे, याला मी फार महत्त्व देतो. नुसती कलाशाखा कितीतरी स्वस्तात झाली असती. 1950 मध्ये औरंगाबादला सोसायटीचे महाविद्यालय निघाले. पुढे मिलिंद विज्ञान महाविद्यालय स्वतंत्र उभे राहिले.

आज उंबरठा सरकला आहे. वैद्यकीय प्रवेश 'नीट'वर, अभियांत्रिकीचा सीईटीवर. बारावीची प्रयोगशाळा कित्येक ठिकाणी नावापुरती आणि खरी अकरावी-बारावी खाजगी क्लासमध्ये. पूर्वी ब्युरेटचे पैसे नसत, आता क्लासचे नसतात.

ज्यांनी 1950-60 च्या काळात इंटर सायन्स दिली, ती माणसे आता ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. कोणी पास झाले, कोणी प्रॅक्टिकलला अडकले, कोणी मधूनच गावी परतले. विद्यार्थी मित्रांनी त्यांच्याकडे जावे. त्यांची जर्नल्स, फीच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे कागद अजून ट्रंकेत असतील, आणि नापास झालेल्यांकडे आधी जावे.