पक्षिनिरीक्षण, तापीकाठचे (सोनगीर व परिसर)

धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील नदीकाठ, धरणांचे फुगवटे, माळराने आणि सातपुड्याच्या पायथ्याची सागवनी जंगले यांत दुर्मीळ व हंगामी पक्षी शोधून त्यांच्या नोंदी ठेवण्याचा छंद व अभ्यास. खानदेशाला समुद्र नाही. पाण्यावरचे पाहुणे पक्षी इथे तापीच्या खोऱ्यातच पाहायला मिळतात.

सोनगीर हे मुंबई–आग्रा महामार्गावरचे गाव धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किमी. वर आहे. डोंगरावरचा किल्ला आणि तांब्यापितळेची भांडी घडवणारे तांबट ही त्याची जुनी ओळख. इथून दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा असे निघाले की आधी कोरडे माळ लागतात, मग तापीचे पात्र आणि शेवटी सातपुडा. तिन्ही ठिकाणचे पक्षी वेगवेगळे.

माळावरचे पहिले पाहुणे म्हणजे भोरड्या. मध्य आशियात वीण उरकून पावसाळा सरता सरता त्यांचे थवे येतात आणि ज्वारी-बाजरीच्या कणसांवर उतरतात. शेतकरी त्यांना गोफणीने हाकलतो. पण टोळ व नाकतोडे खाणारे पक्षीही हेच आहेत. वसंतात पळस-पांगाऱ्याचा मध चाखून ते परत फिरतात. भोवत्या हा शिकारी पक्षी हिवाळाभर गवताळ माळांवर खालून संथ घिरट्या घालताना दिसतो. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, त्या सुमारास जिल्ह्यांतील जलाशयांवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक अशी उत्तरेकडची बदके स्थिरावलेली असतात. भुसावळ तालुक्यातील हतनूर जलाशय या दृष्टीने सर्वांत समृद्ध असून त्याची गणना महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांत होते. पावसाच्या तोंडावर चातक येतो, आणि सातपुड्याच्या झाडीत नवरंगाची शीळ घुमू लागते.

मात्र पक्ष्यांच्या जागतिक नकाशावर खानदेशचे नाव आहे ते यांपैकी कुणामुळेही नव्हे. ते आहे रानपिंगळ्यामुळे.

हे लहान घुबड १८७२ साली आजच्या छत्तीसगडमधील फुलझर येथे एफ. आर. ब्लेविट यांना मिळाले. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक असलेले ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन करून ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याला ते खानदेशात शहाद्याच्या बाजूला आढळले. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची डेव्हिडसन यांची यादी ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली होती. या भागाच्या पक्षिनोंदींचा तो पाया आहे. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कुणाला दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जेमतेम सात नमुने उरले.

शोध घेणारे होते, पण चुकीची चिठ्ठी त्यांची दिशाभूल करत राहिली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता. तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याचे त्यावर लिहिलेले होते. नदी तापीच, म्हणून कुणाला शंका आली नाही. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झाले, की तो मुळात डेव्हिडसन यांचा नमुना होता. तो चोरून, पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. एका खोट्या चिठ्ठीने एका पक्ष्याच्या शोधाची कित्येक वर्षे वाया घालवली, हे वाचून आजही संताप येतो.

मांडवी वगळून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी खऱ्या नोंदींची ठिकाणे धुंडाळली. पूर्वेकडे हाती काही लागले नाही. मग ते शहाद्याला आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी, त्यांना रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. पुढे फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी या पक्ष्याच्या सवयींचा अभ्यास केला. तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि २०१४ मध्ये थेट ठाण्याकडच्या तानसा अभयारण्यात तो आढळला.

गावातल्या वडा-चिंचेच्या ढोलीतला नेहमीचा पिंगळा आणि रानपिंगळा यांची गल्लत सहज होते. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, पंख व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. सर्वांत उपयोगी खूण सवयीची: तो दिवसाढवळ्या शिकार करतो. हिवाळ्यात सकाळच्या उन्हात, पाने झडलेल्या सागाच्या शेंड्यावर उघड्यावर बसून शेपटी झटकत सरड्यांवर नजर ठेवतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला, आणि पहाटे अंधारात निघण्याची घाई नको.

पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या जोश्याला मराठीत पिंगळाच म्हणतात. या पक्ष्याभोवतीची शुभाशुभाची समजूत त्याच्या जिवावर उठली आहे: जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात. त्याहून मोठे संकट सागवनी जंगलांच्या तोडीचे, कारण ढोली असलेले जुने झाड गेले की घरटेही गेले. प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या हजाराच्या आत धरली जाते. २०१८ पासून जागतिक यादीत तो ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे, त्याआधी ‘अतिसंकटग्रस्त’ होता.

या भागातले जाणते निरीक्षक विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढत नाहीत आणि घरट्याचे झाड कुणाला सांगत नाहीत. तारीख, वेळ, शिवाराचे नाव आणि पक्षी कोणत्या झाडावर होता, एवढे मात्र ते जागच्या जागी वहीत उतरवतात.