बालवाडीतली वाडी

मराठीत वाडी म्हणजे वस्ती, तशीच वाडी म्हणजे झाडापेडांची बागही. कोकणात तर हा दुसरा अर्थच आधी आठवतो. पण 'बालवाडी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती एक खोली, भिंतीवरचे तक्ते आणि चटईवर ओळीने बसलेली मुलं. मग या वाडीतली बाग गेली कुठे?

तिचा शोध घेत जर्मनीत जावं लागतं. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२-१८५२) हा थुरिंजियाच्या जंगलपट्टीत वाढला. तो वर्षाचा होण्याआधीच त्याची आई वारली. पंधराव्या वर्षी त्याने एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. १८३७ साली त्याने बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. मूल हे रोपटं आणि शिक्षक माळी, अशी त्यामागची कल्पना. पण ती नुसती कल्पना नव्हती. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असावा, शिवाय सर्वांचे मिळून सामाईक वाफे असावेत, असा फ्रोबेलचा आग्रह होता. पाणी घातलं नाही तर रोप सुकतं, हे वाफाच मुलाला शिकवतो. शिक्षण आईच्या मांडीवर सुरू होतं हेही तो जाणून होता. १८४४ साली त्याने मातांसाठी गाण्यांचं आणि खेळांचं पुस्तक काढलं.

१८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली, पण ते पाहायला फ्रोबेल नव्हता. त्याच्या शिष्यांनी हा विचार देशोदेशी नेला. या प्रवासात काय टिकलं? फ्रोबेलची चेंडू-ठोकळ्यांची साधनं पेटीत भरून नेता येत होती. बाग पेटीत मावत नाही, आणि दाटीवाटीच्या शहरांत तिला जागाही नव्हती. म्हणून अनेक ठिकाणी पेटी पोचली, बाग मागे राहिली.

ती पुन्हा मिळवावी लागली. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ साली खुल्या हवेतली बालशाळा सुरू केली. रोगट, कुपोषित मुलांना ऊन, हवा आणि बाग मिळावी हा हेतू.

पुढचं पाऊल मात्र शाळेने नव्हे, घरच्या माणसांनी उचललं. १९५० नंतरच्या काही वर्षांत डेन्मार्कमध्ये एला फ्लाटाऊ ही आई आपल्या मुलांना घेऊन जवळच्या जंगलात जाऊ लागली. शेजारची मुलंही बरोबर येऊ लागली. ते पाहून पालक एकत्र आले आणि त्यातून भिंती नसलेली बालशाळा उभी राहिली. स्वीडनमध्ये १९५७ साली गेस्टा फ्रोम यांनी 'स्कुग्समुले' हे रानातलं काल्पनिक पात्र निर्माण केलं. मुलांना रानाची ओळख करून द्यायची आणि रान जपायला शिकवायचं, हे त्याचं काम. त्याच्या नावाने मुलांचे गट जंगलात फिरू लागले. अगदी तान्ह्या मुलांच्या गटांत आज आईवडीलही सोबत असतात. जर्मनीत, म्हणजे फ्रोबेलच्याच देशात, फ्लेन्सबुर्ग इथल्या वन-बालशाळेला सरकारी मान्यता मिळाली ती १९९३ साली!

आणि आपल्याकडे? १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती 'अंगणवाडी'. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणात शाळा भरली, ती 'कुरणशाळा'. पाने, बिया, शिंपले, खडे हीच तिथली साधनं. त्यांना पेटी लागत नव्हती.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आज तोही बहुतेक ठिकाणी एका खोलीचंच नाव झाला आहे. म्हणजे पुन्हा तेच: नाव पोचलं, अंगण मागे राहिलं.

डेन्मार्कच्या त्या आईजवळ इमारत नव्हती, अनुदान नव्हतं. होती ती चालत जाण्याइतकी जवळची झाडं आणि काही शेजारी. आपल्या शाळेजवळ ओढा असेल, माळ असेल, निदान एखादं वडाचं झाड असेल. आठवड्यातून एक सकाळ पालकांना बोलावून मुलांसह तिथे जायला काय हरकत आहे? काय दाखवायचं याची चिंता नको. मुंग्यांची रांग मुलांना आपल्याआधी दिसते.