मुंबईचा माहितीपट महोत्सव
माहितीपट मुंबईत महोत्सवाच्या कितीतरी आधी रुजला. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. मातीतले दोन मल्ल हेच तिचे नायक. १९४८ मध्ये माहितीपट बनवणारे सरकारी फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि त्याच्याच पुढाकाराने १९९० मध्ये माहितीपट, लघुपट व अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. तो दर दोन वर्षांनी भरतो. शहराचे दुखणे मात्र सरकारी पडद्याबाहेर अधिक धीटपणे मांडले गेले. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ने १९८५ मध्येच, झोपड्या पाडल्या गेलेल्यांना स्वतःच्या तोंडून बोलू दिले. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली, तरी अनेक परखड माहितीपट निवडीतच गळाले. तेव्हा दिग्दर्शकांनी एकजुटीने ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला.