खोक्यातला खर्ज

खोपोलीचं टाटांचं वीजघर फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झालं. घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली आलं, चक्रं फिरली आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या जोडीने मोठ्या गर्दीला लाउडस्पीकर ऐकवला. साजगावकरांना दोन्ही गोष्टी सारख्याच लांबच्या. वीज शेजारी तयार व्हायची आणि माझ्या लहानपणी आम्ही कंदिलाची काच पुसत बसायचो!

हे आठवायचं कारण म्हणजे नातवाने आणलेला खोका. पोरगा बास गिटार वाजवतो आणि त्यासाठी त्याने एक लहानसा स्पीकर घेतलाय. तो त्याला 'कॅबिनेट' म्हणतो. आम्हा जुन्या माणसांना कॅबिनेट म्हटलं की मंत्रिमंडळ आठवतं. असो. पुण्याच्या मेहुण्यांनी फोनवर विचारलं, "मास्तर, एवढ्याशा डब्यातून कसला आवाज येणार?" त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आमच्याकडे लाउडस्पीकर म्हणजे कर्णा. कार्तिकात विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीचा बाजार मोठा, म्हणून देव 'बोंबल्या विठोबा'. यात्रेत बांबूला उलटे-सुलटे कर्णे बांधलेले असायचे आणि खाली मोटारीच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर. त्यावर बहुधा 'शिकागो रेडिओ' असं लिहिलेलं. नाव शिकागोचं, कंपनी मात्र मुंबईच्या मोटवाने मंडळींची. गांधीजी-नेहरूंच्या सभांना ध्वनिक्षेपकाची व्यवस्था यांचीच असे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

कर्णा लांबवर ऐकू जायचा, पण त्यात एक खोट होती. ढोलकीची शाई टणटण वाजायची आणि धुम कुठे गायबच! बाईंचं गाणं शिवाराच्या टोकाला ऐकू यायचं, पण ठेका अर्धाच. कारण साधं आहे. खर्जाच्या लाटा लांब असतात आणि तेवढ्याशा कर्ण्याला त्या पेलत नाहीत. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, तिची हवेतली लाट आठ मीटरच्या आसपास भरते. म्हणजे आमच्या ओटीपेक्षा लांब.

कागदाचा शंकू आणि त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी हा आजचा स्पीकर १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन इंजिनिअरांनी नीट मांडला. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. स्पीकर उघडा ठेवला तर मागची हवा कडेने पुढे येते, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मार पहिला खर्जालाच बसतो. म्हणून खोका! खोका म्हणजे शोभेचं लाकूड नव्हे, तो निम्मं वाद्य आहे. पुढे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या थुरासने खोक्याला भोक पाडून मागची हवा योग्य वेळी पुढे आणायची युक्ती काढली. १९३२ सालचं पेटंट आहे ते.

बास गिटार त्यामानाने अलीकडची. १९५१ मध्ये लिओ फेंडरने ती बाजारात आणली. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याआधीचा डबल बास माणसाएवढा उंच, आणि बँडच्या गोंगाटात तरीही दबून जायचा. पुढच्याच वर्षी फेंडरने तिच्यासाठी 'बासमन' हा खास अँप्लिफायर काढला. आपल्याकडे पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवत. ती गाणी आपण वर्षानुवर्षं रेडिओवर ऐकली, पण रेडिओचा स्पीकर तळहाताएवढा, त्यामुळे त्यांचं निम्मं काम आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

आता मेहुण्यांचा प्रश्न. खोका लहान हवा, आवाज खोल हवा आणि थोड्या शक्तीत मोठाही हवा, या तीन मागण्यांपैकी दोनच पुऱ्या होतात. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चरने बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून लहान खोक्यातून खोल आवाज काढला, पण त्याला अँप्लिफायर दणकट लागला. नातवाच्या खोक्यातही हीच तडजोड आहे. खोलीत आणि लहान कार्यक्रमात झकास. भिंतीजवळ, कोपऱ्यात सरकवला की खर्ज आपोआप भरतो, मात्र भोक मागच्या बाजूला असेल तर वीतभर जागा सोडायची.

गेल्या गणपतीत मंडळाची पोरं हा खोका मागायला आली. मिरवणुकीच्या टेम्पोवर आणखी एका खोक्याला जोडून लावायचा होता. नातू नाही म्हणाला. दोन दिवस वाड्यातली पोरं त्याच्याशी बोलली नाहीत, त्याची आई म्हणाली, "देऊन टाकायचास, गावात राहायचंय आपल्याला." मला मात्र त्याचं पटलं. आठ ओहमचे दोन खोके असे जोडले की चार ओहम होतात, अँप्लिफायर तेवढं झेपणारा नसेल तर तापून बसतो. शिवाय अँप्लिफायर आवाक्याबाहेर पिळला की आवाज फाटतो आणि फाटलेल्या आवाजाने गुंडाळी जळते. गिटारची बारीक वायर स्पीकरला लावणं हा आणखी एक घोळ, तिथे जाड वायरच लागते. आणि खोका वाचला तरी कानांचं काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आवाजाच्या भिंतीसमोर ती कागदावरच राहते. माझा डावा कान तसाही आता रिटायर झालाय, पण पाळण्यातल्या पोरांचे तरी राहावेत.

शेवटी पोरांनी बेंजो पार्टी आणली. नातू त्यांच्या मागे टाळ घेऊन नाचला आणि अबोला मिटला.

खोक्याचा खरा शत्रू मात्र आमचा पाऊस. घाटाच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. शंकूच्या कागदावर बुरशी धरते, कडेचा फोम चिकट होऊन सुटतो. नातू खोका जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवतो, वर प्लॅस्टिक नाही, जुनं सुती लुगडं. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास हळू आवाजात वाजवतो. भोकात उंदीर शिरू नये म्हणून रात्री जाळीचा तुकडा दाबतो आणि वाजवण्याआधी काढतो.

परवा आमचे भजनातले पखवाजवाले बुवा आले होते. खोका हाताने चाचपून म्हणाले, "ह्याला कणीक कुठं लावतात?" नातू हसला, पण मी त्याला थांबवलं. बुवा डाव्या पुडीला कणीक लावतात म्हणजे तिचं वजन वाढवतात, त्याने कंप सावकाश होतो आणि स्वर खाली उतरतो. स्पीकरवालेही खर्जासाठी शंकू जड करतात. नातवाने मग जाळी उघडून त्यांना शंकू दाखवला. बुवांनी बोटाने हलकेच दाबून पाहिला आणि वाजवून झाल्यावर पुडी पुसायची राहिली तर उंदीर ती कशी कुरतडतात, ते सांगत बसले.