दफ्तरातले तेल: ग्रीसच्या ऑलिव्ह परंपरेचा एक पैलू

ग्रीसमधील ऑलिव्ह तेलाचा इतिहास लिहिताना शेतापेक्षा आधी दफ्तराकडे वळावे लागते, कारण या तेलाविषयीची तेथील सर्वांत जुनी लेखी माहिती हिशेबनिसांनी ठेवलेली आहे. पेलोपोनीजमधील पायलॉस येथे कार्ल ब्लेगेन यांनी १९३९ साली आरंभलेल्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या आणि त्यांवरील ‘लिनिअर बी’ लिपी १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस यांनी उलगडली; त्यांपैकी काही पाट्यांवर गुलाबासारख्या वनस्पतींनी सुवासिक केलेले तेल कोणत्या देवतेसाठी किती मापे दिले याच्या नोंदी आहेत. इ.स.पू. १२०० च्या सुमारास पायलॉसच्या राजवाड्याला आग लागली, तीत या कच्च्या पाट्या भाजून निघाल्या आणि म्हणूनच टिकल्या.

अथेन्सने हाच काटेकोरपणा कायद्यात आणला. अथेना देवीची मानलेली पवित्र झाडे, ज्यांना ‘मोरिआइ’ म्हणत, खासगी शेतांत उभी असली तरी नगरराज्याच्या मालकीची होती. ॲरिस्टॉटलच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथानुसार प्रत्येक झाडामागे दीड कोटिले, म्हणजे अर्ध्या लिटरहूनही कमी, तेल देणे ठरले होते आणि असे झाड तोडणाऱ्याला एके काळी मृत्युदंड होता. वसुली करणारा आर्कोन, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेला प्रमुख अधिकारी, हे तेल ॲक्रोपोलिसवरील खजिनदारांच्या हवाली केल्याशिवाय अरिओपॅगस या ज्येष्ठांच्या सभेत बसू शकत नसे. पुढे आकारणी झाडावर न राहता शेतावर बसली, तेव्हा कायदा कायम राहूनही खटले मात्र बंद पडले. महसूल सुरक्षित झाल्यावर झाडाची राखण आपोआप सैल झाली, ही नोंद त्या ग्रंथातील सर्वांत मार्मिक म्हणावी लागेल. हे तेल पॅनाथेनाइक क्रीडोत्सवातील विजेत्यांना सुमारे ३८ लिटरच्या चित्रित कुंभांतून बक्षीस मिळे. रोमन सम्राट हेड्रियन याच्या काळात, इ.स. दुसऱ्या शतकात, उत्पादकांनी साधारणपणे एक तृतीयांश तेल नगराला द्यावे, असा कायदा अथेन्सच्या बाजारपेठेच्या दारावर कोरला गेला.

घाण्याची रीत मात्र शतकानुशतके फारशी पालटली नाही: फळे दगडी चाकाखाली भरडायची, लगदा विणलेल्या चटयांवर पसरून त्यांची चळत दाबायची आणि निघालेल्या द्रवातील पाण्यावर तरंगणारे तेल काढून घ्यायचे. या रीतीचे आज पुष्कळ कौतुक होते, पण चटया नीट धुतल्या नाहीत तर त्यांत अडकलेला लगदा आंबून तेलाला वास येई. विसाव्या शतकात आलेल्या अपकेंद्री यंत्रांनी तो दोष बराच कमी केला, हे मान्य करणेच न्याय्य आहे.

फळमाशीवर रासायनिक फवारणी दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. त्यापूर्वीचे बहुतेक तेल रसायनांविना निघे, परंतु त्याला तसे प्रमाणपत्र नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. युरोपीय समुदायाने १९९१ साली २०९२/९१ क्रमांकाचा नियम केला आणि ‘सेंद्रिय’ हे विशेषण पुन्हा दफ्तराच्या कक्षेत आले: ऑलिव्हसारख्या बहुवर्षायू पिकाला पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा संक्रमणकाळ, शेताची नोंद आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून नियमित तपासणी. असा बागायतदार माशीसाठी सापळे लावतो किंवा फळांवर पांढऱ्या केओलिन मातीचा लेप फवारतो, आणि शेतात काय वापरले याची नोंद तपासनिसासाठी ठेवतो.