थिंफूचा ठराव आणि शेजारधर्म

इ. स. १९८७ च्या एप्रिलांत समुद्राच्या प्रचंड लाटा मालदीवची राजधानी माले हिच्यावर चढून आल्या. ज्या देशाची भूमि समुद्रसपाटीहून सरासरी जेमतेम दीड मीटर उंच, त्याला ही आगाऊ नोटीसच होती. अध्यक्ष गयूम यांनीं त्याच वर्षीं हें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रांपुढें मांडिलें, आणि नोव्हेंबरांत काठमांडूस भरलेल्या सार्कच्या परिषदेनें नैसर्गिक आपत्ति व पर्यावरण यांचा अभ्यास करविण्याचें ठरविलें. दक्षिण आशियांतील शेजाऱ्यांच्या हवामानविषयक मुत्सद्देगिरीचा आरंभ आम्ही येथूनच धरितों.

सार्कची स्थापना १९८५ सालीं ढाक्यास झाली, तेव्हांच सनदेंत एक कलम घातलें गेलें : निर्णय एकमतानें व्हावयाचे, आणि दोघांमधील वादाचे विषय सभेंत काढावयाचे नाहींत. या अटीवांचून सभा भरलीच नसती, हें आम्हांस मान्य आहे. परंतु या भागांत हवामानाचा प्रश्न म्हणजे मुख्यतः पाण्याचा प्रश्न. आणि सिंधु, गंगा, ब्रह्मपुत्रा यांपैकीं एकही नदी एकाच राज्याची नव्हे. रोगाची चर्चा करावयाची, पण नाडीला हात लावावयाचा नाहीं, असा हा प्रकार झाला. सिंधूचा १९६० चा करार व गंगेचा १९९६ चा, दोन्ही सार्कच्या मंडपाबाहेरचे. त्यांतील पहिला भारतानें २०२५ च्या एप्रिलांत स्थगित केला.

एप्रिल २०१० मध्यें थिंफूस सोळावी परिषद भरली, तिचा मुख्य विषयच हवामानबदल. तज्ज्ञांचें मंडळ नेमावें, पांच वर्षांत एक कोटि झाडें लावावीं, असें ठरलें. झाडांचें कलम सर्वांस रुचलें यांत नवल नाहीं. झाड लावण्यास शेजाऱ्याची संमति लागत नाहीं! चारच महिन्यांपूर्वीं कोपनहेगन येथें हेच शेजारी निरनिराळ्या पंक्तींत बसले होते : भारत चीन, ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांच्यासह, तर मालदीव दीड अंशाची मर्यादा मागणाऱ्या बेटांसह. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखरपरिषदच भरलेली नाहीं.

तथापि वादळांची गोष्ट वेगळी. जागतिक हवामान संघटनेच्या व्यवस्थेनुसार उत्तर हिंदी महासागरांतील चक्रीवादळांची सूचना दिल्लीचें कार्यालय देतें, ती पाकिस्तानालाही जाते. आणि वादळांचीं नांवें तेरा देश मिळून पुरवितात. जून २०२३ मध्यें गुजरातच्या जखाऊ बंदराजवळ जें वादळ आदळलें, त्याचें ‘बिपरजॉय’ हें नांव बांगलादेशानें दिलेलें होतें. त्या आठवड्यांत कच्छ आणि सिंध, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचीं किनाऱ्यावरील गांवें रिकामीं करण्यांत आलीं.